शेऱ्याचा रकाना

भिलवडीच्या खालच्या अंगाला, जिथं कृष्णा वळते
आणि वळताना जरा विचारात पडते,
तिथं संस्थेचं पंपघर. साठ एचपी.
बाहेर करंजाखाली सात दगड, शेंदूर उडालेले.
आठवा थोडा बाजूला, म्हसोबा. भाऊ.
त्याला मोजायचं नसतं.

वीज रात्री एकला यायची.
मी, दस्तगीर मुलाणी, मफलर कानाला,
हिरवा खटका दाबायचो
आणि वहीत लिहायचो: वेळ, व्होल्टेज, अँपिअर.
शेऱ्याचा रकाना कोराच.
लिहिण्यासारखं काय घडतं पाणी उपसण्यात?

पौषातली रात्र. मोटर तापली
आणि कितीही ओढलं तरी नीट न बसणारं दार
कुणी न ढकलता उघडलं.

मी पायच पाहिले. वर बघायचं नाही,
हे अम्मीनं सांगितलेलं, तिला तिच्या शेजारणीनं:
आसरांच्या तोंडाकडं बघितलं की ताप चढतो
आणि तो डॉक्टरचं ऐकत नाही.
चौदा पाय. बोटांमध्ये बदकासारखं पातळ कातडं.
फरशीवर ओल, आणि ओलीला वास
शेवाळाचा नव्हे, मळीचा.
वरून कुणी सोडलेलं काळं पाणी
घोट्यांची सालपटं काढून गेलेलं.

मोटरच्या मागं, पंख्याच्या जाळीतून
ऊन ऊन वारा येतो,
तिथं त्या ओळीनं बसल्या आणि केस सोडले.
ठिबकतंय ते पंपाच्या ग्लँडमधून
की त्यांच्यातून, मला कळेना.

धाकटीच्या पायात नायलॉनचं जाळं रुतलेलं.
मी पक्कड फरशीवरनं सरकवली.
कट्, एवढाच आवाज.
मग थोरली बोलली, घागरीत तोंड घालून बोलावं तशी:
"दस्तगिरा, नदी किती ऱ्हायली रं?"
"फूटव्हॉल्व उघडा पडाया दोन फूट."
"म्हंजी माज्या कमरंएवढी," ती म्हणाली,
आणि हसली असावी, कारण बल्ब हलला.

पहाटे मी रकान्यात लिहिलं:
सात बायका. केस वाळवून गेल्या. एक पक्कड कमी.
सेक्रेटरी आण्णाप्पा चौगुल्यांनी
बायकांवर तांबडी रेघ मारली
आणि पक्कडीचे एकशेऐंशी पगारातून कापले.

मग येतच राहिल्या. मी खोबरेलाची बाटली ठेवू लागलो,
घोट्यांसाठी. कुणी काही म्हणायचं नाही.
एकदा डब्यात वांब निघाली, जिवंत,
आणि खालची चपाती कोरडी ठणठणीत.

चैतात मोबाईल स्टार्टर बसला. आत सिमकार्ड.
घरातनं फोन लावला की मोटर चालू.
रात्रपाळी संपली. आण्णाप्पांनी किल्ली घेतली,
नंबर तेवढा माझ्याकडं राहिला.
दाराला नवं कुलूप. दार आता नीट बसतं.
पण मागच्या बाजूला गेलो तेव्हा
खिडकीचे दोन गज वाकलेले,
आणि गजांवर पक्कडीचे दात.

आता पुन्हा पौष.
रात्री एकला मी गोधडीत फोन कानाला लावतो.
त्यांचीच नदी उपसून त्यांना ऊब द्यायची,
हे मला कळत नाही असं नाही.
कुणाच्या तरी उसाला जास्तीचं पाणी जातं. कुणाच्या,
ते मी बघत नाही. तिकडंही नाही बघत.

दोनदा रिंग, मग ती बाई:
"मोटर चालू झाली आहे. तिन्ही फेज उपलब्ध आहेत."
शुद्ध बोलते. पुण्याकडची असावी.
त्या डब्यात कुठं राहते, काय पांघरते, कुणाला ठाऊक.
तिचंही तोंड मी पाहिलेलं नाही.
मी तिला आठवी धरतो.

हळूच विचारतो, "वाळले का सगळ्यांचे केस?"
ती म्हणते, "बंद करण्यासाठी दोन दाबा."

मी दाबत नाही.